आधी कूलर बंद करा

मेहकरात माझा दवाखाना आहे. एका भिंतीला पिठाची गिरणी, दुसऱ्या भिंतीला मोटारसायकलचं गॅरेज. सव्वीस वर्षं झाली. या गोंगाटात रोज पन्नास-साठ छात्यांना स्टेथो लागतो. बहुतेक हृदयं लब-डब एवढंच बोलतात. उरलेल्यांनी मला जे शिकवलं ते पुस्तकात होतंच, पण ते पुस्तक मी नागपूरला मेडिकलच्या वॉर्डात, रात्री दोननंतरच्या शांततेत वाचलेलं. दुपारी एक वाजता, बाहेर चाळीस पेशंट आणि आत तीन नातेवाईक असताना हृदय कसं ऐकायचं, हे मला माझ्या चुकांनी शिकवलं. त्यातले काही धडे इथे लिहितो. क्रम महत्त्वाचा नाही, पहिला सोडून.

१. आधी कूलर बंद करा.

बाहेरच्यांना हे हसू येईल, विदर्भातल्या डॉक्टरला येणार नाही. होळी झाली की आमच्याकडे कूलर लागतात ते मृगापर्यंत. पत्र्याचा मोठा कूलर, वाळ्याचे पडदे, आणि आत असा घोंघाट की समोरच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. पहिली दोन-तीन वर्षं माझ्या केसपेपरांत एक गंमत दिसते. हिवाळ्यात मला मर्मर, म्हणजे ठोक्यांच्या मधले जादा आवाज, सापडतात, उन्हाळ्यात एकही नाही. जणू बुलढाणा जिल्ह्यातली बिघडलेली हृदयं एप्रिल-मे महिन्यांत दुरुस्त होतात.

कारण साधं आहे. हृदयाचे निम्मे महत्त्वाचे आवाज खर्जातले असतात. तिसरा ठोका, चौथा ठोका, आकसलेल्या मायट्रल झडपेची घरघर हे सगळं आपल्या कानाला जेमतेम पोचतं. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, म्हणून पंखा, कूलर, मोटार यांची गुणगुणही ५० आणि १००च्या आसपास, म्हणजे नेमकी त्याच पट्टीत. चढ्या स्वरातली सूं-सूं कूलरमधूनही ऐकू येईल. खर्जातली घरघर कूलर गिळून टाकतो आणि आपल्याला वाटतं, छाती साफ आहे.

आता टेबलाखाली एक बटण आहे. दाबलं की पंखा, कूलर, दोन्ही बंद. पेशंट विचारतात, "डाक्टरसायब, पंखा कायले बंद केला? गरमी होऊन राह्यली ना." मी तोंडावर बोट ठेवतो. गिरणी मात्र माझ्या बटणावर चालत नाही. म्हणून ज्याच्याबद्दल शंका असेल त्याला सकाळी सात वाजता बोलावतो.

२. एका वेळी एकच ऐका.

शेगावची पालखी पंढरपूरहून परतताना आमच्या मेहकरातून जाते. तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं राहून मी दरवर्षी एक खेळ खेळतो. सगळा गजर एकत्र ऐकायचा नाही. आधी फक्त मृदंग, मग फक्त टाळ, मग त्यातला एकच टाळकरी. मन ओढ घेतं, पुन्हा सगळं एक होतं. पुन्हा सुरुवात करायची.

हृदयाचंही तसंच आहे. आमच्या सरांनी पहिला महिनाभर आम्हाला मर्मर हा शब्द उच्चारू दिला नव्हता. फक्त पहिला ठोका ऐका. मोठा आहे का, दबका आहे का, दर वेळी सारखा आहे का? मग फक्त दुसरा. तो एक आहे की फुटून दोन झालाय? श्वास आत घेतल्यावर फुटतो आणि सोडल्यावर जुळतो का? निरोगी माणसात असंच होतं. श्वास घ्या, सोडा, काहीही करा, फट तशीच राहिली तर वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असण्याची शंका घ्यायची. त्यानंतर लब आणि डब यांच्या मधली जागा ऐकायची, आणि सगळ्यात शेवटी डब आणि पुढच्या लबमधली.

ही शेवटची जागा सगळ्यात दुर्लक्षित. नव्या डॉक्टरांचा कान ठोक्याकडे धावतो, ठोक्यानंतरच्या मोकळ्या जागेत कोणी थांबत नाही.

आणि हो, उजव्या हातात स्टेथो असेल तर डावा हात पेशंटच्या मानेच्या नाडीवर हवा. नाडीच्या जोडीनं येतो तो पहिला ठोका. ठोके शंभराच्या वर गेले की लब कुठला आणि डब कुठला हे भल्याभल्यांना कळत नाही, आणि तिथे चुकलात तर पुढचं सगळं उलटं वाचाल.

३. डाव्या कुशीवर वळवा.

हा धडा मला महागात पडला. खरं तर मला नाही, एका बाईला.

२००७चा उन्हाळा. लोणारकडच्या एका खेड्यातली बाई, तेवीस वर्षांची, सातवा महिना, पहिलीच खेप. दम लागतो म्हणून आणलेली. सासू सोबत. मी काही विचारायच्या आत सासूनं निदान सांगून टाकलं, "हिले माहेराहूनच दमा हाये." पाठीला स्टेथो लावला तर खरंच सुंई-सुंई वाजत होतं. मी दम्याचा पंप लिहिला. छातीला पुढून स्टेथो लावला तो साडीच्या पदरावरून, कूलर चालू असताना, दहा सेकंद. आठवड्यानं ती पुन्हा आली, दम वाढलेला. मी पंपाचा डोस वाढवला.

त्या पंपानं हृदयाचे ठोके वाढतात. ज्या हृदयाची मायट्रल झडप आकसली आहे त्याला डावीकडच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त उतरवायला वेळ लागतो, आणि ठोके वाढले की नेमका तो वेळच कमी होतो. म्हणजे मी तिच्या आजारावर उपचार करत नव्हतो, आजाराला हातभार लावत होतो.

तिसऱ्यांदा तिला रात्री अकराला जीपमध्ये टाकून आणलं. बसल्या जागी धापा, तोंडाला गुलाबी फेस. ऑक्सिजन लावला, अंगातलं पाणी उतरवणारं लॅसिक्सचं इंजेक्शन दिलं. तासाभरात श्वास थोडा बसला. आणि मग लाइन गेली. त्या वर्षीचं भारनियमन ज्यांनी सोसलं त्यांना आठवत असेल. कूलर थांबला, गिरणी तर बंदच होती, गावातला एकूण एक पंखा थांबला. सिस्टरनं मेणबत्ती लावली. मी त्या बाईला हळूच डाव्या कुशीवर वळवलं, जिथे हृदयाचं टोक बोटाला लागतं तिथे स्टेथोची छोटी बाजू, बेल, अलगद टेकवली.

पहिला ठोका दार आपटावं तसा. दुसरा ठोका, त्याला लागूनच एक बारीक तट् आणि मग ती घरघर. लांबच्या मळ्यात रात्री थ्रेशर चालू असावं, वारा आला की ऐकू यावं, गेला की जावं, तशी. पुढच्या ठोक्याजवळ थोडी चढायची. मी तीन वेळा डोकं वर काढलं, बाहेर ट्रक उभा आहे का ते पाहायला. ट्रक नव्हता.

मायट्रल झडपेचं तोंड मोठ्या माणसात चार ते सहा चौरस सेंटिमीटर असतं. हिचं एकाच्याही खाली गेलेलं निघालं. लहानपणी कधीतरी घसा आला असेल, सांधे सुजले असतील, घरच्यांनी वात म्हणून तेल चोळलं असेल. एरवी हे दुखणं दबून राहिलं असतं. पण गर्भारपणात अंगातलं रक्त जवळपास निम्म्यानं वाढतं, सातव्या-आठव्या महिन्यात हा भार कमाल असतो, आणि आकसलेली झडप तेव्हाच आपलं खरं रूप दाखवते. आपल्या देशात घसा-सांध्यांतून झडपेपर्यंत पोचणारा हा रोग कोवळ्या वयातच किती पुढे जातो, हे दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. सुजॉय रॉय यांनी १९६३ साली लॅन्सेटमध्ये दाखवून दिलं होतं. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला मोठ्या शहरात पाठवलं. पोटावर शिशाचा पत्रा बांधून, मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडली. मुलगा झाला. सासूनं पेढे आणले तेव्हा मी घेतले, पण पहिल्या दोन भेटींत मी काय केलं होतं ते तिला सांगायचं धाडस झालं नाही. सुनेला मात्र सांगितलं, पुढे दोन वर्षांनी.

तेव्हापासून दम लागणारी प्रत्येक गर्भार बाई माझ्याकडे डाव्या कुशीवर वळते. बेल दाबायची नाही, हेही तेव्हाच हाडात मुरलं. बेल दाबली की खालची कातडी ताणून पडदा होते आणि खर्ज पुन्हा हरवतो.

४. कपड्यावरून ऐकलं ते कपड्याचं.

यावर फार लिहिण्यासारखं नाही, पण लिहिलं पाहिजे. लेनेक या फ्रेंच डॉक्टरनं १८१६ साली कागदाची सुरळी करून एका तरुण बाईच्या छातीला लावली, ती संकोचापोटी. छातीला थेट कान लावणं त्याला प्रशस्त वाटलं नाही. म्हणजे स्टेथोस्कोपचा जन्मच लाजेतून झाला, आणि आज दोनशे वर्षांनी त्याच लाजेपायी आपण तो पदरावर, स्वेटरवर, बनियनवर टेकवतो.

माझा उपाय: पडदा, सिस्टर शेजारी उभी, आणि काय करणार ते आधी शब्दांत. "माय, छातीचा ठोका नीट ऐकायचा आहे, सिस्टर मदत करतील." आजवर एकीनंही नाही म्हटलेलं नाही. नाही म्हणतो तो सोबतचा पुरुष, आणि त्याला बाहेर बसवता येतं.

५. मोठा आवाज म्हणजे मोठा रोग नव्हे.

पावसाळ्यात पेनटाकळी धरण भरलं की लोक दरवाजे पाहायला जातात. दरवाजा थोडासाच उचललेला असतो तेव्हा पाणी फटीतून गर्जना करत निघतं. नुसत्या उघड्या पाटातून त्याहून जास्त पाणी गुपचूप वाहत जातं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या भोकाचं हेच गणित आहे. बारीक भोक असलेलं पोर छातीवर हात ठेवला तरी थरथर जाणवेल इतकं मोठ्यानं वाजतं आणि गल्लीत गोट्या खेळतं. अशी कित्येक भोकं आपोआप बुजतात. मोठ्या भोकाचं पोर मात्र कमी वाजतं, दूध पिताना घामेजतं, वजन धरत नाही. आणि त्याच्याकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं की फुप्फुसातला दाब इतका चढतो की मर्मर जवळजवळ नाहीसा होतो, फक्त दुसरा ठोका टणत्कारासारखा वाजतो आणि ओठ निळे पडतात. आवाज गेला म्हणून घरचे खूश, आणि ऑपरेशनची वेळ निघून गेलेली.

म्हातारपणी आकसणाऱ्या महाधमनीच्या झडपेचंही तसंच. डोणगावकडचे एक आजोबा, पंच्याहत्तरीचे. "सोयाबीनचं पोतं उचललं अन् डोयापुढं अंधारी आली," म्हणून आले. मर्मर हलका, मानेपर्यंत जेमतेम चढणारा. पाच वर्षांपूर्वीच्या माझ्याच कागदावर तो चांगला मोठा नोंदलेला होता. झडप सुधारली नव्हती, हृदय थकलं होतं. १९३३ पासून आपण मर्मरला एक ते सहा अशा लेव्हाइन या डॉक्टरच्या पायऱ्या लावतो. त्या पायऱ्या आवाजाच्या आहेत, आजाराच्या नाहीत.

६. कागदावर काय लिहिता ते जपून.

एका तपासणी शिबिरात कोणीतरी एका अठरा वर्षांच्या मुलीच्या कार्डावर लिहिलं, 'हृदयात छिद्र?' मागचं प्रश्नचिन्ह फक्त डॉक्टरला दिसतं. घरच्यांना छिद्र दिसलं. गावात बातमी पोचायला संध्याकाळही झाली नाही. चिखलीकडचं स्थळ होतं, सुपारी फुटायची बाकी होती. पाहुण्यांनी निरोप धाडला, पोरगी चांगली आहे, पण काळजाला भोक असलेली सून आम्हाला झेपायची नाही.

तिला माझ्याकडे आणलं तेव्हा ती बोलत नव्हती. पापणी खाली ओढून पाहिली, पांढरीफटक. हिमोग्लोबिन सहा. मर्मर होता, पण कसा? लब आणि डबच्या मधल्या जागेत, आखूड, मऊ, उठवून बसवलं की कमी होणारा. दुसरा ठोका श्वासाबरोबर नीट फुटत आणि जुळत होता. हाताला थरथर नाही. रक्त पातळ झालं की ते वेगानं धावतं आणि धावताना वाजतं, एवढंच. तरी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतला, कारण आता माझ्या शब्दावर कोणाचा विश्वास बसणार नव्हता. इको साफ निघाला. जंताची गोळी, लोहाच्या गोळ्या, पाळीच्या रक्तस्रावाचा इलाज. चार महिन्यांत हिमोग्लोबिन अकरा आणि मर्मर गायब. ते स्थळ मात्र गेलं ते गेलंच. पुढे तिचं दुसरीकडे चांगलं झालं, तो वेगळा भाग.

निरोगी मुलांतही मर्मर असतात. जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञानं १९०९ साली वर्णन केलेला, तार छेडल्यासारखा गोड मर्मर मी शाळकरी पोरांत आठवड्याला एखादा तरी ऐकतो. मानेच्या शिरेतला गुंजारव असतो, तो मानेवर बोट दाबलं की थांबतो. पण एक नियम मी कधी मोडत नाही. डब आणि पुढच्या लबच्या मध्ये वाजणारा मर्मर कितीही मवाळ असला तरी निर्दोष धरायचा नाही. आणि कागदावर 'छिद्र' हा शब्द इको हाती आल्याशिवाय लिहायचा नाही, प्रश्नचिन्ह लावूनसुद्धा नाही.

७. गळपट्टीच्या हाडाखाली कोण ऐकतं?

शाळा-अंगणवाडीतल्या मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यातून किती पोरांची ऑपरेशनं फुकट झाली ते मी या जिल्ह्यात पाहिलं आहे. या कार्यक्रमाच्या तपासणी पथकांतल्या तरुण डॉक्टरांशी बोलताना मी एकच विनंती करतो: डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली दोन बोटांवर स्टेथो ठेवत जा. तिथे सहसा कोणी ठेवत नाही. जन्मानंतर मिटायला हवी ती नळी उघडी राहिली तर तिचा आवाज तिथेच, न थांबता, लबमधून डबमध्ये आणि डबच्या पलीकडे ओसंडणारा. गिब्सन या डॉक्टरनं १९०० साली त्याचं वर्णन केलं, पुस्तकं त्याला यंत्राचा आवाज म्हणतात. मला तो आमच्या भिंतीपलीकडच्या गिरणीसारखा वाटतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा चौथीतला पोरगा असा सापडला होता. ऑपरेशनही लागलं नाही, मांडीतून नळी नेऊन बूच बसवलं.

८. घोड्याची टाप.

लब-डबला तिसरा ठोका चिकटला आणि गती वाढली की टांग्याच्या घोड्यासारखी लय येते. तरुण, तडफदार मुलांत किंवा गर्भार बायांत तिसरा ठोका नुसताही असू शकतो. पण आजारी माणसात तो हृदय थकल्याची पहिली हाक असते. फुप्फुसात पाणी साचून बुडबुडे ऐकू येण्याच्या कितीतरी आधी येणारी.

हे मला विंचवानं शिकवलं. आमच्याकडे सोयाबीनच्या सोंगणीत, दगडी बांध उकरताना, लाल विंचू निघतो. पोर घामानं थबथबलेलं, हातपाय बर्फ, उलट्या. आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडकडे सरकारी नोकरीत असताना अशाच पोरांच्या उशाशी रात्ररात्र बसले, आणि विंचूदंशात माणूस हृदयानं दगावतो हे त्यांनी १९८२ साली लॅन्सेटमधून जगाला दाखवलं. १९८६ मध्ये प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध त्यावर चालतं, हेही. मोठं यंत्र जवळ नव्हतं. उशाशी बसून पाहणं आणि ऐकणं होतं. विंचू चावलेल्या पोराची छाती मी दर अर्ध्या तासानं ऐकतो. टाप सुरू झाली की गाडी तयार ठेवायला सांगतो.

९. घरच्या माणसाचा कान तुमच्यापेक्षा तयार असतो.

सिंदखेडराजाकडचे एक शेतकरी. चाळिशीत मायट्रल झडप बदललेली, धातूची. आपल्या देशात तिरुवनंतपुरमला बनलेली चित्रा झडप १९९० साली पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. त्यानंतर असे ऑपरेशन होऊन परतलेले लोक आमच्या खेड्यापाड्यांत दिसू लागले. धातूच्या झडपेचा दर ठोक्याला टिक् असा आवाज येतो. स्टेथो नको, रात्री शेजारी झोपलेल्यालाही ऐकू येतो. या गड्याची बायको त्याला 'घड्याळ' म्हणायची.

एका सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच ती नवऱ्याला घेऊन पायरीवर बसलेली. तो म्हणाला, थोडा दम लागतोय, बाकी काही नाही. ती म्हणाली, "डाक्टरसायब, ह्यायचं घड्याळ काल रातच्यापासून वाजून नाही राह्यलं."

मी स्टेथो लावला. टिक् नव्हतं. दबका, बोळा कोंबल्यासारखा एक ठोका होता फक्त. विचारलं, रक्त पातळ करायची गोळी? दोघं एकमेकांकडे पाहू लागले. गोळी संपली होती, पंधरा दिवस झाले. कापसाचे पैसे यायचे होते. मधे कोणीतरी काढाही दिला होता, त्यानं गोळीची गरज उरत नाही म्हणून.

झडपेवर गुठळी बसली होती. त्याच दिवशी त्यांना पुढे पाठवलं, तिथे गुठळी विरघळवायचं औषध चढवलं. आठवड्यानं फोन आला, तिचा. म्हणाली, वाजू लागलं.

धातूच्या झडपेचा आवाज नसणं हाच तिथे बिघाडाचा आवाज. हे मला माहीत होतं. पण मला ते सकाळी कळलं, तिला आदल्या रात्रीच. आता झडपेच्या प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना मी सांगतो, रोज रात्री दिवा मालवला की दोन मिनिटं ऐकत जा. गोळी चुकवू नका, रक्त किती पातळ आहे ते सांगणारी पीटी-आयएनआर तपासणी करत राहा, हे तर सांगतोच.

१०. सांधे सुजलेलं पोर सोडू नका.

दहा-बारा वर्षांचं पोर, आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट. घसा दोन-तीन आठवड्यांपूर्वी आलेला. छाती ऐका, दोन आठवड्यांनी पुन्हा ऐका. टोकाजवळ नवा मर्मर उमटला असेल तर इको आणि बेन्झाथिन पेनिसिलिन. दर २१ दिवसांनी, वर्षानुवर्षं. हे इंजेक्शन दुखतं, रिअॅक्शनच्या भीतीनं काही डॉक्टर टाळतात, दुकानात कधी मिळतं कधी नाही. तरी तिसऱ्या धड्यातल्या बाईला ते वेळेवर मिळालं असतं तर मला तिसरा धडा लिहावा लागला नसता.

११. इको आला म्हणून कान गहाण टाकू नका.

बुलढाण्यात २०२४ साली सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथली मुलं-मुली पुढे कधी माझ्याकडे आली तर मी त्यांच्याशी इकोवर वाद घालणार नाही. इको माझ्यापेक्षा खरं बोलतो. पण इकोला कोणाला पाठवायचं, हे इको सांगत नाही. सगळ्यांनाच पाठवा म्हणणाऱ्यांनी संग्रामपूर तालुक्यातल्या एखाद्या गावाहून दोन एसटी बदलून, एक मजुरी बुडवून शहरात जाऊन पाहावं.

आणि हे जे डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात आणि डॉक्टरनं पंखा बंद केला तर दोन मिनिटं घाम सोसा, मोबाइल गप्प करा, सोबतच्यांनाही बोलू देऊ नका. डॉक्टर शर्टावरून, पदरावरून ऐकू लागला तर संकोच न करता विचारा: साहेब, बटण काढू का?